बालेकिल्ला नव्हे, मतदारसंघ

(लातूर येथील एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. निवडणुकीच्या दिवसांत यांपैकी कोणत्याही रस्त्याने फेरफटका मारला, तरी दोन वाक्ये हमखास कानी पडतात. पहिले वाक्य, ‘हा तर अमक्यांचा बालेकिल्ला आहे.’ दुसरे, ‘यंदा टक्का वाढला, म्हणजे तमक्यांचे काम झाले.’ मतदाराचा कल आणि मतदानाची टक्केवारी या दोन्ही गोष्टींविषयी ही वाक्ये इतक्या आत्मविश्वासाने उच्चारली जातात, की ती तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही. आजच्या विषयाचे प्रयोजन एवढेच, की लातूर आणि शेजारच्या नांदेडच्या आकड्यांवर ही दोन्ही वाक्ये घासून पाहावीत.

प्रारंभी एक स्मरण आवश्यक आहे. उर्वरित देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला, तेव्हा मराठवाडा निजामाच्या अमलाखाली होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील संग्रामानंतर आणि पोलीस कारवाईनंतर १७ सप्टेंबर १९४८ रोजी हा प्रदेश मुक्त झाला. शेतकरी, शेतमजूर, स्त्री, दलित अशा सर्वांना एकाच मापाचे मत मिळाले ते १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. म्हणजे या भागातील मताधिकार हा रक्त सांडून मिळविलेल्या मुक्तीचे पहिले फळ आहे. ज्यांच्या आजोबांना मतच नव्हते, त्यांच्या नातवंडांनी मतदानाच्या दिवशी काय केले, हा म्हणूनच केवळ आकडेमोडीचा प्रश्न उरत नाही.

बालेकिल्ल्याची कथा

लातूर लोकसभा मतदारसंघाला काँग्रेसचा बालेकिल्ला म्हणण्याची प्रथा पडली, त्याला आधार होता. १९६२ पासूनच्या तीन निवडणुकांत काँग्रेसचे तुळशीराम कांबळे निवडून आले. १९८० ते १९९९ या काळात शिवराज पाटील चाकूरकर यांनी लागोपाठ सात निवडणुका जिंकल्या, त्या काळात ते लोकसभेचे अध्यक्षही झाले. विधानसभेत विलासराव देशमुख, निलंग्यात शिवाजीराव पाटील निलंगेकर. एकाच जिल्ह्याने राज्याला दोन मुख्यमंत्री दिले. अशा जिल्ह्याचा कल ठरलेला आहे, असे कोणास वाटले तर नवल नाही.

परंतु हीच कथा दुसऱ्या बाजूनेही सांगता येते. आणीबाणीनंतर १९७७ मध्ये याच मतदारसंघाने शेतकरी कामगार पक्षाचे उद्धवराव पाटील यांना लोकसभेत पाठविले. १९९५ मध्ये मंत्री असलेल्या विलासरावांना लातूरच्याच मतदारांनी सुमारे ३५ हजार मतांनी पराभूत केले आणि जनता दलाचे शिवाजीराव पाटील कव्हेकर आमदार झाले. त्यानंतर अवघ्या एका वर्षाने, १९९६ मध्ये, त्याच लातूरने शिवराज पाटलांना मात्र पुन्हा निवडून दिले. पुढे १९९९ मध्ये विलासरावांना सुमारे ९१ हजारांचे मताधिक्य देऊन मुख्यमंत्रिपदाच्या वाटेवर बसविले तेही याच मतदारांनी. चार वर्षांत सव्वा लाख मतांचा हा हेलकावा आहे. किल्ला असा हलत नाही. हलतो तो विचार करणारा माणूस.

२००४ साल तर या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. लोकसभेला भारतीय जनता पक्षाच्या रूपाताई पाटील निलंगेकर यांनी शिवराज पाटलांचा सुमारे ३० हजार मतांनी पराभव केला. गंमत अशी, की देशात त्याच वेळी भाजपप्रणीत सरकार पायउतार होत होते. पुढे त्याच वर्षी विधानसभेला निलंग्यात नातू संभाजी पाटील यांनी आजोबा शिवाजीरावांना हरविले. आणि लातूर शहरात विलासराव आरामात निवडून आले. पाच वर्षांनी, २००९ मध्ये, आजोबांनी नातवावर मात करून उट्टे काढले. एका घरातील आजोबा, सून आणि नातू यांच्यातही मतदाराने प्रत्येक वेळी नव्याने निवड केली. घराणे बघून डोळे मिटून शिक्का मारणारा मतदार तो हाच काय?

टक्का तोच, कौल उलटा

आता दुसरे वाक्य. टक्का वाढला की अमुक पक्षाचा लाभ, घटला की तमुक पक्षाचा, असे गणित दूरचित्रवाणीवर दर निवडणुकीत मांडले जाते. लातूरने हे गणित ज्या रीतीने मोडीत काढले, त्याला तोड नाही.

२००९ मध्ये मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला. त्या निवडणुकीत मतदान ५५ टक्क्यांच्या आसपास झाले आणि काँग्रेसचे जयवंतराव आवळे यांनी भाजपचे डॉ. सुनील गायकवाड यांच्यावर केवळ ७ हजार ९७५ मतांनी विजय मिळविला. २०१४ मध्ये टक्का ६२च्या घरात गेला आणि गायकवाड २ लाख ५३ हजार ३९५ मतांनी विजयी झाले. येथवर गणित बरोबर वाटते. परंतु पुढे पाहावे. २०१९ मध्येही टक्का ६२च्याच घरात राहिला. भाजपचे सुधाकर शृंगारे २ लाख ८९ हजार १११ मतांनी जिंकले. २०२४ मध्ये, ७ मेच्या रणरणत्या उन्हात, टक्का पुन्हा ६२च्याच घरात. आणि काँग्रेसचे डॉ. शिवाजी काळगे हे राजकारणात नवखे असलेले नेत्रतज्ज्ञ त्याच शृंगारे यांच्यावर ६१ हजार ८८१ मतांनी विजयी झाले.

टक्केवारीचा काटा जागचा हलला नाही आणि दोन पक्षांतील अंतर साडेतीन लाखांनी फिरले! म्हणजे किती लोक आले, या प्रश्नाचे उत्तर कोण आले आणि काय ठरवून आले, या प्रश्नाचे उत्तर कधीच असू शकत नाही. टक्का ही दारावरची मोजणी आहे, आतल्या संभाषणाची नोंद नव्हे.

हे आकडे आणखी उलगडले, तर अधिक बोध होतो. २०१९च्या तुलनेत २०२४ मध्ये भाजपची मते सुमारे १ लाख १४ हजारांनी घटली. काँग्रेसची मते मात्र सुमारे २ लाख ३७ हजारांनी वाढली. वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला २०१९ मध्ये सुमारे १ लाख १२ हजार मते होती, ती २०२४ मध्ये ४२ हजारांच्या आसपास आली. म्हणजे भाजपची घटलेली सर्व मते आणि वंचितची घटलेली सर्व मते काँग्रेसकडेच गेली असे धरले, तरीही सुमारे अर्धा लाख मतांचा हिशेब लागत नाही. टक्का तोच असला तरी पाच वर्षांत यादी लांबली होती, त्यामुळे प्रत्यक्ष मतदान करणारे वाढले होते. पराभवाचे खापर केवळ ‘मते फिरली’ यावर फोडणाऱ्यांनी आणि विजयाचे श्रेय केवळ लाटेला देणाऱ्यांनी ही तिन्ही वजने वेगवेगळी करून पाहावीत.

कारणे लातूरकरांना सांगायला नकोत. आडत बाजारात सोयाबीनचा भाव हमीभावाच्या खाली घसरलेला होता. मराठा आरक्षणाचे आंदोलन २०२३च्या सप्टेंबरपासून गावोगावी पोहोचले होते. संविधान बदलले जाणार, हा प्रचार वस्त्या-वस्त्यांत झाला आणि त्याला वेळीच उत्तर देण्यास दुसरी बाजू कमी पडली. मतदाराने यांपैकी कशाला किती महत्त्व दिले, हे यंत्र सांगत नाही. पण त्याने विचार केला, हे निश्चित.

न आलेला मतदार

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत लातूरच्या यादीत सुमारे पावणेवीस लाख मतदार होते. त्यांपैकी सव्वासात लाखांहून अधिक आलेच नाहीत. विजयी उमेदवाराला मते मिळाली ६ लाख ९ हजार. दुसऱ्या शब्दांत, त्या दिवशी मतदारसंघातील सर्वांत मोठा गट हा न आलेल्यांचा होता. दोन हजारांहून अधिक मतदान केंद्रे धरली, तर विजयाचे अंतर प्रत्येक केंद्रामागे तीस मतांच्याही आत भरते. आणि गैरहजर राहिलेले प्रत्येक केंद्रामागे साडेतीनशेच्या आसपास.

हे साडेतीनशे लोक कोण, हा खरा प्रश्न आहे. ‘लोक आळशी झाले, सुट्टी मिळाली की सहलीला जातात,’ असे उत्तर शहरी दिवाणखान्यात सहज दिले जाते. काहींच्या बाबतीत ते खरेही असेल. परंतु बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात जाऊन पाहावे. जळकोट, अहमदपूर, लोहा, कंधार, मुखेड या तालुक्यांतून हजारो कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. २०२४ मध्ये विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते आणि राज्याचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला. कोयता खांद्यावर टाकून पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेल्या जोडप्याने एक दिवसाची मजुरी आणि शे-दोनशे कोसांचे भाडे खर्चून मत देण्यास परतावे, अशी अपेक्षा करणे सोपे आहे, पाळणे नाही. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात बारा वर्षे काम करणाऱ्या तरुणाचे नाव अजून गावच्या यादीत असते. कधी ते गावातही असते आणि तिकडेही. लातूरच्या शिकवणी वर्गांत बाहेरगावची मुले अठरा वर्षांची होतात. त्यांचे नाव ना इथे, ना तिथे. लेक लग्न होऊन सासरी गेली, तिचे नाव माहेरच्या यादीत राहून गेले. म्हातारे निवर्तले, पण यादीतून गेले नाहीत. गैरहजेरीच्या आकड्यात हे सर्व दडलेले आहे.

म्हणूनच मत न देणारा आणि मत देऊ न शकणारा यांत भेद केला पाहिजे. पहिल्याचे प्रबोधन करावे लागते. दुसऱ्याला प्रबोधन नको आहे, त्याला व्यवस्था हवी आहे. निवडणूक आयोगाने २०२४ मध्ये पंच्याऐंशी वर्षांवरील वृद्धांना घरून मतदानाची सोय दिली. स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांपुढे ठेवला, पण पक्षांची संमती मिळाली नाही. ऊसतोड कामगाराच्या नावाने भाषणे करणाऱ्या सर्वच पक्षांनी या विषयावर आपसांत बसून मार्ग काढला असता, तर ते अधिक उचित झाले असते.

अमेरिकेतील एक आरसा

या विषयाला अमेरिकेतील अनुभवाचा आरसा उपयोगी पडतो. तेथे आपल्या जिल्ह्यासारखा ‘काउंटी’ हा घटक आहे. देशभरात अशा तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. तेथील अनेक राज्यांत मतदाराने स्वतः नाव नोंदवायचे असते, आणि बऱ्याच राज्यांत नोंदणी करतानाच तो आपला पक्षही लिहून देऊ शकतो. त्यामुळे अमुक काउंटीचा कल कोणीकडे, हे निवडणुकीआधीच कागदावर दिसते. मतदान मंगळवारी होते आणि त्या दिवशी देशभर सुट्टी नसते. टपालाने आणि आगाऊ मत देण्याची सोय मात्र व्यापक आहे. एवढे करूनही २०२०च्या अध्यक्षीय निवडणुकीत पात्र नागरिकांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांनी मत दिले, आणि तो तेथील शतकभरातील उच्चांक ठरला!

आपल्याकडे यादी आयोग तयार करतो, मतदानाच्या दिवशी कायद्याने पगारी सुट्टी असते, आणि मतदाराच्या कपाळावर कोणत्याही पक्षाचा शिक्का नसतो. ही शेवटची गोष्ट फार मोलाची आहे. आपल्याकडे कल हा सरकारी दप्तरात लिहिलेला नसतो. तो दर वेळी मिळवावा लागतो.

आणखी एक गोष्ट. इंडियाना राज्यातील व्हिगो नावाच्या काउंटीची ख्याती अशी, की तेथे जो जिंकेल तोच अध्यक्ष होईल. १९५६ पासून २०१६ पर्यंत हा नियम एकदाही चुकला नाही. पत्रकारांचे तांडे तेथे जाऊन राहत. २०२० मध्ये तो नियम मोडला. सहा दशके अचूक ठरलेले वायुमापक जिथे चुकते, तिथे दोन निवडणुकांवरून एखादा जिल्हा कायमचा कोणाच्या तरी नावे लिहून देणाऱ्यांनी थोडा विवेक बाळगावा.

‘नोटा’चा धडा

आकड्यांच्या या प्रवासात लातूर ग्रामीण मतदारसंघाचा मुक्काम टाळता येत नाही. २०१९च्या विधानसभा निवडणुकीत येथे काँग्रेसचे धीरज देशमुख १ लाख ३५ हजार मते घेऊन निवडून आले. दुसऱ्या क्रमांकावर कोणताही उमेदवार नव्हता. दुसऱ्या क्रमांकावर होती ‘नोटा’, म्हणजेच वरीलपैकी कोणीही नाही. आणि तिला सुमारे साडेसत्तावीस हजार मते होती. युतीच्या जागावाटपात ही जागा शिवसेनेकडे गेली, स्थानिक भाजप कार्यकर्ते नाराज झाले, आणि शिवसेनेचा उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर फेकला गेला.

या साडेसत्तावीस हजारांना उदासीन म्हणता येणार नाही. ते रांगेत उभे राहिले, बोटाला शाई लावून घेतली आणि नकार नोंदवून आले. हा नकार पक्षनेतृत्वाने ऐकायलाच हवा होता. परंतु २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने आलेल्या या पर्यायाला निकाल फिरविण्याचे बळ नाही, हेही तितकेच खरे. ‘नोटा’ला पडलेले मत कोणालाही निवडून आणत नाही आणि कोणालाही पाडत नाही. ते मतदार पाच वर्षे आपल्या पसंतीच्या प्रतिनिधीविना राहिले. २०२४ मध्ये हीच जागा भाजपकडे आली आणि रमेश कराड यांनी धीरज देशमुखांचा सुमारे साडेसहा हजार मतांनी पराभव केला. सव्वा लाखाचे अंतर पाच वर्षांत पुसले गेले. मतदार तेथेच होता. त्याला पटेल असा पर्याय समोर ठेवण्यास विलंब झाला होता.

एक रांग, दोन कौल

आता शेवटचा आणि सर्वांत बोलका दाखला शेजारच्या नांदेडचा. २०१४च्या मोदी लाटेत राज्यात काँग्रेसच्या दोनच जागा वाचल्या, त्यांतील एक नांदेड. अशोक चव्हाण ८१ हजार मतांनी जिंकले. २०१९ मध्ये तेच चव्हाण ४० हजार मतांनी हरले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी भाजपमध्ये प्रवेश केला. आता नांदेड भाजपचेच, असे सर्वांनी गृहीत धरले. आणि जून महिन्यात काँग्रेसचे वसंतराव चव्हाण ५९ हजार मतांनी निवडून आले. लातूरमध्येही चाकूरकरांच्या घरातून आणि औशाच्या माजी आमदारांकडून असेच पक्षांतर झाले होते, फळ तेच. नेता पक्ष बदलतो, तेव्हा त्याच्याबरोबर कार्यालयाची पाटी जाते. मतदार जाईलच असे नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये वसंतरावांचे निधन झाले आणि लोकसभेची पोटनिवडणूक विधानसभेबरोबरच, २० नोव्हेंबरला घेण्यात आली. एकच रांग, एकच खोली, दोन यंत्रे. विधानसभेच्या यंत्रावर मतदारांनी लोकसभा मतदारसंघातील सहाही जागा महायुतीला दिल्या. लोकसभेच्या यंत्रावर मात्र वसंतरावांचे पुत्र रवींद्र चव्हाण यांना निवडून दिले. अंतर किती? १ हजार ४५७. सुमारे दोन हजार मतदान केंद्रांच्या या मतदारसंघात दर केंद्रामागे एक मतसुद्धा नव्हे! एकाच मिनिटात, एकाच बोटाने, हजारो लोकांनी मुंबईसाठी एक आणि दिल्लीसाठी दुसरा निर्णय दिला. ‘मराठवाड्यातील मतदाराला काय कळते,’ असे म्हणणाऱ्यांना यापेक्षा चोख उत्तर दुसरे कोणते?

त्याच नोव्हेंबरमध्ये लातूर जिल्ह्यातील सहांपैकी पाच जागा महायुतीला मिळाल्या. लातूर शहराची जागा काँग्रेसच्या अमित देशमुखांनी राखली, तीही सात-साडेसात हजारांच्या अंतराने. राज्यात टक्का ६६ वर गेला, महिलांचे मतदान ६५ टक्क्यांच्या पुढे गेले. सहा महिन्यांपूर्वीचे निदान सहा महिन्यांत शिळे झाले.

मग करायचे काय?

श्रोतेहो, या सर्व आकड्यांतून निघणारा बोध एकच. मतदार ही कोणाची मिरास नाही. ज्यांनी त्याला गृहीत धरले, त्यांना त्याने १९७७ मध्ये, १९९५ मध्ये, २००४ मध्ये आणि २०२४ मध्ये जागे केले. पक्ष कोणता हे न पाहता केले. म्हणून जिंकलेल्याने किल्ला आपला झाला असे समजू नये आणि हरलेल्याने किल्ला परक्याचा आहे म्हणून हातपाय गाळू नयेत.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी लोकमतपरिष्काराची संकल्पना मांडली. लोकमत मोजणे पुरेसे नाही, ते घडवावे आणि उंचवावे लागते, असा तिचा आशय आहे. हे काम मतदानाच्या आदल्या रात्री होत नाही. त्याची सुरुवात अगदी साध्या, कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टीपासून होते. ती म्हणजे मतदार यादी. आता वर्षातून चार अर्हता दिनांक असतात. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. प्रत्येक तारखेला कोणी तरी अठरा वर्षांचे झालेले असते. प्रारूप यादी प्रसिद्ध होते तेव्हा ती वाचायला किती जण जातात? निकालानंतर यादीतील घोळावर तावातावाने बोलणारे हरकतीच्या मुदतीत कोठे असतात? एका गल्लीतील चार सुशिक्षितांनी आपल्या केंद्राची यादी हाती घेऊन घरोघर ताळा केला, गेलेल्यांची नावे कमी करविली, आलेल्या सुनांची चढविली, पुण्याला स्थिरावलेल्यांना तेथे नोंद करण्यास सांगितले, तर साडेतीनशे गैरहजरांतील निम्मे कोडे विनाभाषण सुटेल. उरलेल्या निम्म्यांशी बोलता येईल. त्यांचे मत कोणाला, हा त्यांचा प्रश्न. ते मत पडावे, हा सर्वांचा.

लातूरकरांना एका मताची किंमत निराळी सांगावी लागू नये. १९९५च्या पराभवानंतर विलासराव देशमुख १९९६ मध्ये विधान परिषदेच्या निवडणुकीला उभे राहिले आणि अवघ्या अर्ध्या मताने पराभूत झाले. तेथील मोजणीची पद्धत पसंतीक्रमाची, म्हणून मताचा अर्धा भागही होऊ शकला. मतदान केंद्रावर तसे अर्धे मत नसते; असते ते पूर्ण एक, नाही तर शून्य. त्यातले कोणते व्हायचे, एवढाच निर्णय प्रत्येकाच्या हाती आहे.